वेल्ड लाइनच्या कसोटीवर पाच कंपॅटिबिलायझर

कंपॅटिबिलायझर म्हणजे एकमेकांत न मिसळणारी दोन प्लास्टिकं जुळावीत म्हणून घालतात तो माल. त्याच्या बॅगसोबत येणाऱ्या डेटाशीटवर नॉच्ड इम्पॅक्ट (खाच पाडलेला तुकडा किती आघात सोसतो) असतो, मेल्ट फ्लो (वितळलेला माल किती सहज वाहतो) असतो, इलाँगेशन (तुटेपर्यंत किती ताणलं जातं) असतं. वेल्ड लाइनचा, म्हणजे साच्यात वितळलेल्या प्लास्टिकचे दोन प्रवाह भिडून जुळतात त्या रेघेचा, आकडा जवळजवळ कधीच नसतो. आणि दोन पॉलिमरच्या ब्लेंडमधून काढलेला पार्ट तुटतो तो बहुतेक वेळा तिथेच: स्क्रू-बॉसच्या मागच्या बाजूला, खिडकीच्या कोपऱ्याशी, दोन गेटच्या (साच्यात माल शिरण्याच्या जागांच्या) मधोमध. म्हणून इथे पाच परिचित उत्पादनांचा विचार फक्त या एका कसोटीवर केला आहे: क्रेटन एफजी १९०१, एक्झेलॉर व्हीए १८०३, लोटाडर एएक्स ८९००, जॉन्क्रिल एडीआर ४३६८ आणि व्हिस्टामॅक्स ६२०२. पाचही आपापल्या जागी चांगली आहेत. घोळ होतो तो जागा चुकल्यामुळे, आणि त्याहून जास्त वेळा साच्याचं काम बॅगेवर ढकलल्यामुळे.

आधी ब्लेंडची वेल्ड लाइन साध्या प्लास्टिकच्या वेल्ड लाइनपेक्षा अशक्त का असते ते नीट समजून घ्यायला हवं, कारण कुठला माल घ्यायचा हे त्यावरच ठरतं. एकाच पॉलिमरचे दोन फ्रंट (मेल्टची, म्हणजे वितळलेल्या मालाची, पुढे सरकणारी टोकं) भिडतात तेव्हा दोन्हीकडच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकांत शिरून गुंतायला हव्यात, एवढंच. पुरेसा गरम मेल्ट असेल तर हे सेकंदाच्या अंशात होऊ शकतं. जोडाची ताकद वेळेच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे नुसत्या वेळेच्या जोरावर ताकद दुप्पट करायची तर सोळापट वेळ द्यावा लागेल, आणि तेवढा वेळ कुठल्याही सायकलमध्ये नसतो. तापमानाचं तसं नाही. दहा-वीस अंश वाढले की साखळ्यांची हालचाल झपाट्याने वाढते. वेल्डच्या बाबतीत तापमान वेळेपेक्षा नेहमीच भारी पडतं, याचं कारण हे.

ब्लेंडमध्ये मात्र दुसरीच अडचण उभी राहते. साच्यात पुढे सरकणारा मेल्ट फ्रंटच्या मध्यातून भिंतींकडे उलगडत जातो. या फाउंटन फ्लोमध्ये फ्रंटवरचे विखुरलेल्या फेजचे (ब्लेंडमधल्या कमी प्रमाणातल्या प्लास्टिकचे) थेंब ताणले जातात आणि फ्रंटच्या पृष्ठभागाला समांतर चपटे होतात. दोन फ्रंट समोरासमोर भिडले की ही चपटी पानं थेट जोडाच्या प्रतलात येऊन बसतात. पार्टवर ताण येतो तो या पानांना काटकोनात. नायलॉनसमोर नायलॉन आलं तर तो भाग जुळतो. नायलॉनसमोर पीपीचं (पॉलिप्रोपिलीनचं) पान आलं तर तो भाग कितीही गरम असला तरी जुळत नाही, कारण या दोघांच्या साखळ्या एकमेकींत शिरतच नाहीत. विखुरलेली फेज ५ टक्के असेल तोवर फारसं जाणवत नाही. ती ३० टक्क्यांच्या पुढे गेली, त्यातही दोन्ही फेज सलग होण्याच्या बेतात आल्या, की वेल्डची अवस्था सगळ्यात वाईट होते.

कंपॅटिबिलायझर इथे तीन गोष्टी करतो. थेंब लहान करतो, चांगल्या कंपाउंडमध्ये ते एका मायक्रॉनच्या खाली येतात. बॅरलमध्ये आणि रनरमध्ये (साच्यात माल नेणाऱ्या वाटेत) ते थेंब पुन्हा एकत्र येऊन मोठे होणं रोखतो. आणि दोन फेजच्या सीमेवर रासायनिक किंवा निदान भौतिक पकड देतो. लहान थेंब ताणायला अवघड असतो, म्हणून पहिली गोष्ट वेल्डसाठी तिसरीइतकीच मोलाची आहे. मात्र थेंबांची दिशा तो फिरवू शकत नाही, अडकलेली हवा बाहेर काढू शकत नाही, आणि काचतंतू असलेल्या मालात वेल्डला समांतर झोपलेल्या तंतूंचं तर काहीच करू शकत नाही. ३० टक्के ग्लासच्या मालात वेल्डपाशी निम्मी ताकद गेली असेल तर त्यासाठी यातली कुठलीही बॅग आणू नका; तिथे गेटची जागा बदलणं हाच उपाय आहे.

कसोटी कशी घ्यावी

आयएसओ ५२७ चा १ए प्रकारचा बार घ्यावा: ४ मिमी जाड, मधला भाग १० मिमी रुंद. साच्यात दोन्ही टोकांना गेट हवं. दोन्ही गेट उघडे ठेवले की बरोबर मध्ये समोरासमोरचा वेल्ड मिळतो. एक गेट बंद केलं की त्याच साच्यात वेल्डशिवायचा बार मिळतो. दोन्हींच्या ताकदीचा भागाकार म्हणजे वेल्ड फॅक्टर. प्रत्येकी निदान पाच बार ओढावेत.

हा फॅक्टर एकटा वाचला तर फसगत होते. समजा, वेल्डशिवायचा बार ४० मेगापास्कलला यील्ड होतो (कायमचा ताणला जाऊ लागतो) आणि पुढे ८० टक्के ताणून तुटतो. वेल्डचा बार ३८ मेगापास्कलला, यील्ड होण्याआधीच, ४ टक्क्यांवर तुटतो. फॅक्टर निघतो ०.९५ आणि रिपोर्ट छान दिसतो. प्रत्यक्षात माल लवचिकाचा ठिसूळ झालेला आहे, आणि स्नॅप-फिट पहिल्याच दाबाला जाणार आहे. म्हणून खरा साक्षीदार इलाँगेशन. वेल्डचा बार यील्डच्या पुढे जातो का, हा पहिला प्रश्न, फॅक्टर नंतर.

नायलॉन असलेल्या ब्लेंडचे बार साच्यातून निघाल्याबरोबर फॉइलच्या पिशवीत बंद करावेत. नायलॉन हवेतलं पाणी ओढून मऊ होतं आणि वेल्डचा ठिसूळपणा झाकला जातो. सोमवारी काढलेले बार शुक्रवारी उघड्या ट्रेमधून उचलून तपासले तर कुठलाही कंपॅटिबिलायझर चांगलाच वाटेल.

आणखी एक चाचणी अवश्य करावी. तिला वेगळं यंत्रही लागत नाही. वेल्डच्या काही बारना दोन्ही बाजूंनी आणि कडांना बारीक पॉलिश पेपरने, लांबीच्या दिशेने, ओलं ठेवून साधारण ०.१ मिमी घासून काढावं आणि मग ओढावं. इलाँगेशन एकदम वाढलं तर दोष पृष्ठभागावरच्या व्ही-नॉचचा (व्ही आकाराच्या बारीक खाचेचा) आहे, म्हणजे हवा अडकण्याचा आणि थंड साच्याचा. अशा वेळी ब्लेंड बदलण्यात पैसे घालू नयेत. घासूनही फरक पडला नाही, तर कमजोरी आतल्या रचनेत आहे आणि पुढे दिलेली उत्पादनं कामाची आहेत.

क्रेटन एफजी १९०१

हा मॅलेइक अॅनहायड्राइड ग्राफ्ट केलेला (साखळीवर रासायनिकरीत्या जोडलेला) एसईबीएस, म्हणजे टोकांना स्टायरीनचे आणि मध्ये रबरी ब्लॉक असलेला पॉलिमर. स्टायरीन ३० टक्के, ग्राफ्ट १.४ ते २.० टक्के, शोअर ए कठीणपणा ७० च्या आसपास. नायलॉन-पीपी ब्लेंडच्या वेल्डसाठी पाचांमधून एकच निवडायचा असेल तर हाच. याचा मधला रबरी ब्लॉक पीपीशी जुळवून घेतो आणि अॅनहायड्राइड नायलॉनच्या अमाइन टोकांशी इमाइड बंध करतं. म्हणजे सीमेवर जो ग्राफ्ट तयार होतो तो दोन्हीकडे पाय रोवून उभा असतो आणि वर रबरासारखा ताणलाही जातो. वेल्डच्या प्रतलातली चपटी पानं सुटायला लागली की हा ताणला जाणारा थर फट पुढे जाऊ देत नाही. पीपी-ग्राफ्ट-अॅनहायड्राइड स्वस्त पडतो आणि कडकपणा टिकवतो, पण वेल्डच्या इलाँगेशनमध्ये तो एसईबीएसच्या जवळ येत नाही. पार्ट फक्त कडक हवा असेल, त्यावर आघात येणार नसेल, तर पीपीचा ग्राफ्ट पुरतो.

किती घालावा हे हिशोबाने ठरवता येतं. ग्राफ्ट १.७ टक्के धरला तर क्रेटनच्या एका किलोत साधारण १७३ मिलिमोल अॅनहायड्राइड असतं. ब्लेंडमध्ये ५ टक्के क्रेटन म्हणजे दर किलोला ८ ते ९ मिलिमोल. त्याच किलोतलं ७०० ग्रॅम नायलॉन ६, अमाइन टोकं किलोला ४० मिलिमोल धरली तर २८ मिलिमोल देतं. टोकं भरपूर शिल्लक राहतात, नायलॉनचा प्रवाहही टिकतो. तेच २० टक्के क्रेटन घातलं तर अॅनहायड्राइड ३५ मिलिमोलच्या घरात जातं आणि ८०० ग्रॅम नायलॉनची टोकं ३२. मग मेल्ट इतका घट्ट होतो की फ्रंट थंड होऊन भिडतात आणि जे मिळवायचं होतं तेच हातचं जातं. नायलॉन ७०, पीपी ३० असेल तर ३ ते ६ टक्क्यांच्या मध्ये शोधावं. सीमा एकदा भरली की जादा माल सीमेवर जात नाही. तो वेगळे मऊ थेंब बनून बसतो आणि कडकपणा खातो. नायलॉनच्या ग्रेडची अमाइन संख्या पुरवठादाराकडून मागून घ्यावी, कारण टोकं बंद केलेल्या ग्रेडमध्ये हा सगळा हिशोब कोसळतो.

नायलॉन-पीपीई (पॉलिफेनिलीन इथर) ब्लेंडमध्येही हा चांगला बसतो, कारण त्याचे स्टायरीनचे शेवटचे ब्लॉक पीपीईत सहज मिसळतात. नायलॉन-एबीएससाठी मात्र हा घेऊ नये. एबीएसमधला सॅन (स्टायरीन-अॅक्रिलोनायट्राइल) आणि एसईबीएसचं रबर यांचं जमत नाही. तिथे स्टायरीन-मॅलेइक अॅनहायड्राइड कुळातला, सॅनशी जुळणारा कोपॉलिमरच लागतो. चुकीच्या ब्लेंडमध्ये घालून त्याला नावं ठेवली जातात, हे या मालाच्या बाबतीत फार होतं. कडक, हलका आणि मितीत पक्का पार्ट हवा असेल तरीही विचार करावा, कारण प्रत्येक टक्क्यामागे मॉड्युलस (कडकपणाचा आकडा) थोडा खाली येतोच.

एक्झेलॉर व्हीए १८०३

इथिलीन कोपॉलिमरवर अॅनहायड्राइड ग्राफ्ट, अमॉर्फस, आणि ग्राफ्टचं प्रमाण क्रेटनपेक्षा कमी. नायलॉन थंडीत चिवट ठेवायचं असेल तर हा उत्तम इम्पॅक्ट मॉडिफायर आहे. वेल्डच्या बाबतीत मात्र याच्याकडून अपेक्षा आवरती ठेवावी. १५-२० टक्के घातला की हा स्वतःच विखुरलेली फेज होतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे त्याचेही थेंब वेल्डच्या प्रतलात चपटे होतात. मग एका गेटच्या बारवर इम्पॅक्ट झकास येतो आणि दोन गेटच्या बारवर इलाँगेशन निराश करतं. डेटाशीटवर विसंबण्याचा धोका कळायला हे चांगलं उदाहरण आहे.

नायलॉन आणि पॉलिइथिलीन एकत्र आलेल्या रिसायकल मालात मात्र तो ४-५ टक्क्यांवर कंपॅटिबिलायझर म्हणून चांगलं काम करतो, कारण त्याचा कणा पॉलिइथिलीनला जवळचा आहे. दाणे मऊ आणि चिकट असतात. बॅगांवर बॅगा रचून गरम गोदामात ठेवल्या तर तळातल्या बॅगेचा गोळा होतो आणि फीडर अडतो. कमी उंचीची रास आणि थंड जागा, एवढं पाळलं की पुरे.

लोटाडर एएक्स ८९००

इथिलीन, मिथाइल अॅक्रिलेट आणि ग्लिसिडिल मेथाक्रिलेट यांचा टर्पॉलिमर; मिथाइल अॅक्रिलेट २४ टक्के, ग्लिसिडिल मेथाक्रिलेट ८ टक्के. इथे काम करतो तो इपॉक्सी गट, आणि त्याला हवी असतात पीबीटी किंवा पेट या पॉलिएस्टरांची कार्बोक्झिल टोकं. पेट-एचडीपीई किंवा पीबीटी-पॉलिओलेफिन अशा ब्लेंडसाठी याला तोड नाही. पीबीटी-एबीएससाठी तो योग्य नाही. कारण पुन्हा तेच, इथिलीनचा कणा सॅनशी जुळत नाही. तिथे अॅक्रिलिक कणा असलेला ग्लिसिडिल कोपॉलिमर शोधावा.

याच्या वापरात दोन सावधगिऱ्या आहेत आणि दोन्हींकडे दुर्लक्ष होतं. पहिली वाळवण्याची. पीबीटी १२० अंशांना तीन-चार तास वाळवून ओल ०.०२ टक्क्याच्या खाली आणावी लागते. लोटाडर एएक्स ८९०० साधारण ६५ अंशांनाच वितळतो. दोन्ही एकत्र मिसळून हॉपर ड्रायरमध्ये टाकलं तर ड्रायरमध्येच ढेकूळ तयार होतं आणि ते काढायला हॉपर उतरवावा लागतो. पीबीटी वेगळं वाळवावं, लोटाडर वेगळ्या फीडरने द्यावा, किंवा सरळ तयार कंपाउंड घ्यावं. इपॉक्सीचाच भाऊ एएक्स ८८४० हा अॅक्रिलेटशिवायचा आहे, १०५ अंशांच्या आसपास वितळतो. हाताळायला तो सोपा, पण तेवढा मऊ आणि चिवट नाही.

दुसरी सावधगिरी मात्रेची. लोटाडरच्या एका साखळीवर अनेक इपॉक्सी गट असतात आणि पीबीटीच्या साखळीला दोन्ही टोकं. जास्त घातला तर सगळं एकमेकांत बांधलं जाऊन जेल पडतं. मेल्ट फ्लो एकदम कोसळला, पार्टवर बारीक दाणे दिसायला लागले, की समजावं मात्रा ओलांडली. ३ ते ६ टक्के ही सुरुवातीची जागा. मेल्ट जितका घट्ट तितका फ्रंट भिडताना दाब कमी पोचतो, हे इथे पुन्हा आडवं येतं. वेल्डसाठी यातून चांगला निकाल हवा असेल तर पीबीटीची जास्त प्रवाही ग्रेड घेऊन सुरुवात करावी, म्हणजे प्रक्रियेनंतरचा घट्टपणा परवडतो.

जॉन्क्रिल एडीआर ४३६८

हा खऱ्या अर्थाने कंपॅटिबिलायझर नाही, साखळ्या जोडणारा आहे: इपॉक्सी गट असलेला, छोट्या रेणूंचा स्टायरीन-अॅक्रिलिक. रिसायकल केलेल्या पेट-पीसी (पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट) किंवा पीबीटी-पीसी ब्लेंडमध्ये साखळ्या तुटून आखूड झालेल्या असतात, आणि आखूड साखळ्या वेल्डच्या पलीकडे जाऊन गुंतत नाहीत. तिथे ०.३ ते ०.६ टक्के जॉन्क्रिल वेल्डचं इलाँगेशन बऱ्यापैकी परत आणू शकतो. ताज्या, नीट वाळवलेल्या मालात घालून काही मिळत नाही. उलट मेल्ट घट्ट होतो. आणि ओला माल असेल तर हा जोडत असताना पाणी तोडत राहतं, म्हणजे पैसे दोन्हीकडून जातात. एवढी थोडी मात्रा मोजून देणं कठीण असतं, शिवाय हा ५५ अंशांच्या आसपास मऊ होऊन गरम फीड थ्रोटला चिकटतो. मास्टरबॅच (आधी प्लास्टिकमध्ये दाट मिसळून केलेले दाणे) करूनच वापरावा.

व्हिस्टामॅक्स ६२०२

प्रोपिलीनवर आधारलेला इलॅस्टोमर, इथिलीन १५ टक्के, घनता ०.८६ च्या जवळ. यात कुठलाही क्रियाशील गट नाही, म्हणून नायलॉनशी किंवा पॉलिएस्टरशी त्याचं काही देणंघेणं नाही. पीपीत पॉलिइथिलीन मिसळलेला रिसायकल माल मात्र फार ठिकाणी वापरला जातो, आणि त्याची वेल्ड लाइन खडूसारखी तुटते. तिथे ५ ते १० टक्के व्हिस्टामॅक्सने इलाँगेशन सुधारतं. यील्डची ताकद आणि कडकपणा थोडा जातो. बादली, क्रेट, झाकण अशा वस्तूंना तो परवडतो. सगळ्यात मोठा फायदा हा की रासायनिक प्रक्रियेची गरज नसल्यामुळे दाणे मिसळून थेट मोल्डिंग मशिनवर चालवता येतो, बॅक प्रेशर थोडं वाढवलं की झालं. बाकी चौघांच्या बाबतीत हे करू नये.

मशिनवर मिसळून का चालत नाही

मोल्डिंग मशिनचा साधा स्क्रू साधारण २० एल/डीचा (लांबी व्यासाच्या २० पट) असतो आणि त्याचं काम वितळवणं, वाटून देणं नव्हे. अॅनहायड्राइड आणि अमाइन भेटायला सीमा वाढायला हवी, म्हणजे थेंब आधी फुटायला हवेत. ४० एल/डीच्या ट्विन स्क्रूवर, नीडिंग ब्लॉकसह (माल मळणाऱ्या भागांसह), हे एका-दोन मिनिटांत होतं. इमाइड बनताना पाणी सुटतं, म्हणून शेवटच्या टप्प्यावर व्हॅक्यूम व्हेंट चालू हवा. बंद असेल तर ते पाणी आणि शिल्लक अॅनहायड्राइड दाण्यात अडकून वेल्डपाशीच चांदीसारखे पट्टे देतात. दोन फेजच्या घट्टपणाचं गुणोत्तर एकाच्या जवळ ठेवावं. विखुरणारी फेज मॅट्रिक्सपेक्षा (मुख्य, सलग फेजपेक्षा) चौपट घट्ट झाली की नुसत्या शिअरने तिचे थेंब फुटतच नाहीत. दुसरीकडे ती फारच पातळ असेल तर फ्रंटवर सहज ताणली जाऊन लांबच लांब पानं होतात. वेल्डचा विचार करता ती किंचित घट्ट असलेली बरी.

प्रक्रिया झाली की नाही हे तपासायला महागडं उपकरण लागत नाही. वाळवलेल्या दाण्यांचा मेल्ट फ्लो कंपॅटिबिलायझरशिवायच्या ब्लेंडशी ताडून पाहावा. खाली आला नसेल तर काहीच जोडलं गेलेलं नाही. नायलॉन-पीपीसाठी मोलाव चाचणी त्याहून स्पष्ट बोलते. एक ग्रॅम दाणे ५० मिली, ८५-९० टक्के फॉर्मिक अॅसिडमध्ये घालून एक दिवस ठेवावेत. नायलॉन विरघळतं. ग्राफ्ट झालं नसेल तर पीपी वर तरंगून खालचं द्रावण स्वच्छ होतं. झालं असेल तर सगळं दुधासारखं पांढरट राहतं आणि बसत नाही. फॉर्मिक अॅसिड त्वचा जाळतं. फ्यूम हूड, हातमोजे आणि गॉगलशिवाय ही चाचणी करू नये.

अॅनहायड्राइडची बॅग उघडी राहिली तर हवेतली ओल त्याचं अॅसिड करते आणि क्रियाशीलता घटते. उरलेला माल त्याच दिवशी सीलबंद करावा, वाळवायचा तर ५०-६० अंशांच्या वर जाऊ नये.

बॅगेबाहेरची कारणं

चांगल्या कंपॅटिबिलायझरचं काम बिघडवणारी सगळ्यात नेहमीची गोष्ट म्हणजे झिंक किंवा कॅल्शिअम स्टिअरेट. धातूचा हा साबण अॅनहायड्राइडशीच प्रक्रिया करून बसतो, आणि नायलॉनपर्यंत पोचायच्या आधी गट खर्च होतात. ल्युब्रिकंट हवंच असेल तर अमाइड वॅक्स, तेही कमीत कमी. सिलिकॉनचा मोल्ड रिलीज स्प्रे तर वेल्डचा शत्रूच आहे: फ्रंट तो पुसत पुढे नेतो आणि दोन्हीकडचा थर बरोबर जोडात सापडतो. स्प्रे मारल्यानंतरच्या शॉटचे पार्ट ताकदीसाठी कधीच मोजू नयेत.

व्हेंटकडे (साच्यातली हवा बाहेर सोडणाऱ्या फटींकडे) लक्ष द्यायला हवं, कारण ब्लेंडमध्ये व्हेंटची खोली पातळ फेजवरून ठरते. एबीएसला ०.०३ ते ०.०४ मिमी चालतं. नायलॉन मॅट्रिक्स असेल तर ०.०१५ ते ०.०२ च्या वर गेलं की फ्लॅश (फटीतून बाहेर आलेला पातळ पापुद्रा) येतो. खोली कमी, म्हणून रुंदी आणि संख्या वाढवावी. लँड (व्हेंटचा सुरुवातीचा उथळ भाग) १ ते १.५ मिमी, त्यामागे निदान अर्धा मिमी खोल रिलीफ थेट बाहेरपर्यंत. व्हेंट नेमका वेल्ड जिथे संपतो तिथे हवा, आणि त्यावर साचणारा चिकट थर ठरावीक वेळाने पुसायला हवा. इंजेक्शनचा वेग वाढवला की फ्रंट गरम भिडतात, हे खरं. पण व्हेंट तुंबलेला असेल तर तोच वेग हवा दाबून प्लास्टिक जाळतो. म्हणून आधी व्हेंट, मग वेग.

साच्याचं तापमान २०-३० अंशांनी वाढवण्याचा परिणाम मेल्टचं तापमान १० अंशांनी वाढवण्यापेक्षा जास्त भरवशाचा असतो. एबीएस असलेला ब्लेंड २७० च्या वर नेला तर ब्युटाडाइनचं रबर पिवळं पडून ठिसूळ होतं, पीबीटीही त्याच सुमारास तुटायला लागतं. साच्याला अशी भीती नाही, फक्त सायकल लांबते. साचा शॉटपुरता वाफेने किंवा दाबाखालच्या पाण्याने तापवण्याची पद्धत पृष्ठभागावरची रेघ जवळपास नाहीशी करते. व्ही-नॉच जातो, चकाकी येते. आतली पानं मात्र बरीचशी तशीच असतात, त्यामुळे रेघ दिसत नाही म्हणून वेल्ड मजबूत झाला असं मानू नये. दोन गेटचा बार इथेही ओढून बघावा.

कमी खर्चात सगळ्यात जास्त देणारा बदल म्हणजे वेल्डच्या जागी ओव्हरफ्लो टॅब, म्हणजे जादा माल जाण्यासाठी साच्यात खोदलेला छोटा खिसा. फ्रंट भिडल्यानंतर मेल्ट थांबण्याऐवजी जोडाच्या बाजूने टॅबमध्ये वाहत राहतो. त्या वाहण्यात थंड टोक बाहेर जातं, हवा जाते, आणि ब्लेंडसाठी सर्वांत मोलाचं म्हणजे चपट्या थेंबांची दिशा मोडते. जे काम कुठलाही कंपॅटिबिलायझर करू शकत नाही ते हे छोटंसं खोदकाम करतं. टॅब नंतर तोडावा लागतो, एवढाच त्रास. टॅबला जागा नसेल तर एका बाजूची भिंत किंचित जाड करून किंवा व्हॉल्व्ह गेट मागेपुढे उघडून वेल्ड कमी ताणाच्या जागी सरकवावा. होल्डिंग प्रेशर वेल्डपर्यंत पोचतं का, हेही याच वेळी पाहावं. गेटपासून लांब आणि पातळ भिंतीत ते बहुधा पोचत नाही.

शेवटी रंग. मास्टरबॅचचा कॅरिअर बहुतेक वेळा पॉलिइथिलीन असतो, आणि नायलॉन-एबीएस किंवा पीबीटीच्या ब्लेंडमध्ये तो तिसरी न जुळणारी फेज म्हणून येतो. २-३ टक्के मास्टरबॅचने नैसर्गिक रंगाच्या बारवर मिळालेलं इलाँगेशन वेल्डपाशी निम्म्यावर येऊ शकतं. मॅट्रिक्सशी जुळणाऱ्या कॅरिअरचा मास्टरबॅच मागवावा, आणि कंपॅटिबिलायझरची मात्रा पक्की करण्याच्या चाचण्या रंग घातलेल्या, ठरलेल्या टक्क्याचं रिग्राइंड (पुन्हा दळलेला माल) मिसळलेल्या मालावरच घ्याव्यात.